हीटरचा दिवा विझेपर्यंत

महाराष्ट्रात कडाक्याची थंडी पडते, हे निफाड तालुक्यातली डिसेंबरची पहाट न पाहिलेल्या माणसाला सांगूनही पटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रात येतो. २०१८ च्या डिसेंबरअखेरीस तो दोन अंशांच्याही खाली उतरला होता. अशा दिवसांत पहाटे बाहेर आलं की अंगणातल्या पत्र्यावरचं दव हाताला खडबडीत लागतं, बैलाच्या नाकातून वाफ निघते, आणि गावात सगळीकडून एकच आवाज येत असतो. कुणीतरी कुठेतरी गाडीचा सेल्फ मारत असतो आणि ती उठत नसते.

आमच्या अंगणात १९९८ ची टाटा सुमो उभी असते. ही गाडी बाजारात आली १९९४ ला, आणि टाटा मोटर्स घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावातलं पहिलं अक्षर घेऊन तिचं नाव ठेवलं गेलं. माझ्या वडिलांना, आप्पांना, या गोष्टीचा फार अभिमान. दोन हजार सीसीला थोडं कमी असलेलं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, ना टर्बो, ना कॉम्प्युटर. आप्पांनी ती २००३ मध्ये जुनी म्हणून घेतली. तिच्यातून द्राक्षाचे क्रेट गेले, खतं गेली, बहिणीचं वऱ्हाड गेलं, आजीला शेवटचं नाशिकला नेलं तेही तिच्यातूनच.

आणि २०१८ च्या त्या आठवड्यात, जेव्हा तिची खरी गरज होती, तेव्हा ती माझ्या हातून सुरू झाली नाही.

आमच्या द्राक्षबागेचा दुसरा प्लॉट घरापासून चार किलोमीटरवर, कादवा नदीच्या अंगाला, थोड्या खोलगट जागी आहे. थंड हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि खोलगट जागी साचते. त्यामुळे घरच्या बागेपेक्षा तिथे दोन-तीन अंशांनी जास्त गारठा. मण्यांची फुगवण चालू असताना असा गारठा पडला की फुगवण थांबते आणि पाणी उतरलेल्या, म्हणजे मऊ पडू लागलेल्या मण्यांना तडे जातात. त्यावर आमच्याकडे दोनच उपाय. पहाटे बागेत शेकोट्या पेटवून धूर करायचा आणि बोअरचं कोमट पाणी ड्रिपने मुळाशी सोडायचं. दोन्हीसाठी उजाडायच्या आत तिथे पोचावं लागतं.

मी चारला उठलो. गाडीत बसलो, किल्ली फिरवली, इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा पिवळा दिवा लागला. तो विझायची वाट न बघता सेल्फ मारला, कारण वर्षातले नऊ महिने गाडी तशीच सुरू व्हायची. इंजिन फिरलं, मागून पांढरा धूर आला, कच्च्या डिझेलचा वास पसरला, पण इंजिनने काही धरलं नाही. पुन्हा मारला. पुन्हा. प्रत्येक वेळी फिरणं आधीपेक्षा सुस्त होत गेलं, आणि सहाव्या की सातव्या खेपेला नुसतं ‘कट्’ वाजलं.

आप्पा कानटोपी घालून ओट्यावर आले होते. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

“ऱ्हाऊ दे आता. तिला मारू नको.”

एवढंच बोलले. टॉर्च आणि काडेपेटी घेऊन शिवाराच्या वाटेने चालत निघाले. त्या वेळी त्यांचं वय सदुसष्ट. मी शेजारच्या काकांना उठवून ट्रॅक्टर मागितला आणि पोचलो तेव्हा पूर्वेला तांबडं फुटलं होतं. आप्पांनी एकट्याने तीन शेकोट्या पेटवल्या होत्या, हात कोपरापर्यंत काळे. तळाच्या दोन ओळींतले मणी पुढच्या तीन दिवसांत तडकले. आप्पा त्यावर मला कधी काही बोलले नाहीत. मी मात्र ते नुकसान गाडीच्या नाही, माझ्या खात्यावर मांडलं, आणि तेव्हापासून या गाडीकडे नीट बघायला शिकलो.

त्याच दिवशी दुपारी आप्पांनी बॉनेट उघडलं. इंजिनच्या कडेला ओळीने चार हीटर प्लग, आणि चौघांना करंट देणारी एक पत्र्याची पट्टी. त्यांनी पट्टीचे नट सोडले, एकेक प्लग हलक्या हाताने काढला, कारण जुना प्लग जोर लावला की तुटून हेडमध्येच राहतो आणि मग शंभराचं काम हजारांवर जातं. चारी प्लग वर्तमानपत्रावर मांडले. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, टोकाला निमुळते, काजळी चढलेले. चार्ज केलेली बॅटरी शेजारी ठेवली. पहिला प्लग पकडीत धरून त्याचं अंग निगेटिव्हला टेकवलं, आणि वरच्या टोकाला पॉझिटिव्हची जाड वायर लावली.

काही झालं नाही. दुसरा लावला. काही नाही. तिसरा लावला, तोही तसाच थंड. चौथा लावला तेव्हा सात-आठ सेकंद काहीच दिसलं नाही, मग टोकाला काळ्यात एक गडद तांबूस ठिपका उमटला. तो वाढत गेला, लालभडक झाला, नारिंगी झाला, भर दुपारच्या उन्हातही डोळ्यांत भरेल इतका. आप्पांनी वायर काढली तरी तो बराच वेळ लाल राहिला.

“चार माणसांचं काम हा एकटा करत होता,” आप्पा म्हणाले.

बाकीचे तीन कधी मेले, मला कळलंही नव्हतं. उन्हाळ्यात कळतच नाही. खूण होती, पण मी वाचली नव्हती. गेल्या दिवाळीपासून गाडी सुरू झाली की पहिला अर्धा मिनिट थरथरायची, पांढरा धूर सोडायची, मग सरळ व्हायची. याचा अर्थ एखादा सिलिंडर गरम होईपर्यंत पेटतच नाही. मी त्याला ‘जुनी गाडी आहे, चालायचंच’ म्हणत होतो. जुन्या गाडीचं सर्वांत जास्त नुकसान या एका वाक्याने होतं.

डिझेल इंजिनमध्ये ठिणगी नसते, हे शाळेत वाचलेलं असतं, पण त्याचा अर्थ थंडीत उमगतो. रुडॉल्फ डिझेल यांना १८९३ मध्ये ज्या कल्पनेचं पेटंट मिळालं, आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्गला ज्याचं यशस्वी इंजिन उभं राहिलं, ती कल्पना एवढीच, की हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि त्यात सोडलेलं इंधन आपोआप पेटेल. सायकलला हवा भरताना पंपाचं टोक गरम लागतं, तोच प्रकार. आमच्या सुमोसारख्या जुन्या इंजिनात हवा साधारण बावीसपट दाबली जाते. कागदावर हिशेब केला तर सुरुवातीच्या हवेच्या तापमानातला फरक दाबाच्या शेवटी जवळजवळ तिप्पट होतो. म्हणजे मेमधली पस्तीस अंशांची दुपार आणि डिसेंबरमधली पाच अंशांची पहाट, यात तीस अंशांचा फरक दिसत असला तरी सिलिंडरच्या आत तो नव्वदीच्या घरात जातो. त्यात गार लोखंड उरलीसुरली उष्णता शोषून घेतं. आणि सेल्फ हळू फिरला तर दाबलेल्या हवेला पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून निसटायला वेळ मिळतो. म्हणून बॅटरी, सेल्फ, ऑइल, हीटर ही वेगवेगळी दुखणी वाटली तरी शेवटी प्रश्न एकच असतो, आत पुरेशी ऊब तयार होते का.

मला एक कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर माझ्या सुमोपेक्षा जुना, रात्रभर उघड्यावर उभा, त्याला हीटर नावाचा प्रकारच नाही, तरी तो पहाटे दुसऱ्या झटक्यात कसा सुरू होतो? पिंपळगावच्या एका मेस्त्रींनी ते जमिनीवर काडीने रेघोट्या ओढून समजावलं. ट्रॅक्टरच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या खळग्यात पडतं. सुमोच्या या इंजिनात मुख्य सिलिंडरच्या बाजूला एक छोटी कोठडी असते. हवा अरुंद तोंडातून तिच्यात शिरते, घुसळते, आणि डिझेल तिथे पेटतं. त्यामुळे इंजिन आवाजाला मऊ होतं, पण त्या कोठडीच्या भिंती हवेची ऊब पिऊन टाकतात. म्हणून प्रत्येक कोठडीत एक हीटर. ट्रॅक्टरला जे लागत नाही ते हिला लागतं, तो तिचा दोष नाही, तिची घडणच तशी आहे. हे कळल्यापासून दिवा विझेपर्यंत थांबणं मला कधी जड गेलं नाही. कडक थंडीत मी किल्ली परत मागे घेतो आणि दिवा दुसऱ्यांदा लावतो. सगळे मिळून अर्धा मिनिट जातो.

नवे चार प्लग बसवले, आणि चौघे एकदमच बदलले, कारण एकाच वयाचे होते. गाडी सुरू व्हायला लागली, पण पुढच्याच जानेवारीत पुन्हा सुस्तावली. या वेळी मी शहाणा झालो होतो, आधी प्लग तपासले. चारही ठीक. बॅटरी नवीन. तरी सेल्फ असा फिरायचा जसा चिखलातून पाय काढतोय. मी बॅटरीला शिव्या घालायच्या बेतात होतो, तेवढ्यात आप्पांनी सेल्फ मारायला सांगितला आणि स्वतः बॉनेटखाली वाकून एका जागी हात लावला. “इथं बघ,” म्हणाले. इंजिनपासून चासीला जाणारी विणलेल्या तारांची अर्थिंगची पट्टी होती. दहा सेकंदांच्या सेल्फने ती चांगली कोमट झाली होती. टोकाशी हिरवी पूड, निम्म्या तारा तुटलेल्या. सेल्फला शेकड्याने अँपिअर लागतात आणि तेवढाच करंट परत जायलाही वाट लागते. ती वाट अरुंद झाली तर बॅटरी कितीही तगडी असून उपयोग नाही. दीडशे रुपयांची पट्टी बदलली. त्या क्षणी इंजिन असं गरकन फिरलं की मी दचकलो.

बॅटरीचंही ऐकायला हवं. लेड-ॲसिड बॅटरी शून्य अंशाच्या आसपास आली की तिची ताकद उन्हाळ्याच्या तुलनेत साधारण दोन-तृतीयांशच उरते, आणि नेमकं त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल इंजिनला जास्त जड करतं. आमच्याकडे जुन्या गाडीला जाड ऑइल टाकायची पद्धत आहे, इंजिन ऑइल खातं म्हणून. ते मी बंद केलं. पंधरा-चाळीसचं (15W-40) ऑइल वेळेवर बदललं तर पहाटेचा सेल्फ हलका होतो, हे कानाला कळतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली की गरम पाण्याने धुवायची, कोरडी करून घट्ट बसवायची आणि वर व्हॅसलिन लावायचं. सेल्फ मारताना क्लच पूर्ण दाबून धरायचा, म्हणजे गिअरबॉक्समधलं घट्ट झालेलं ऑइल इंजिनला घुसळावं लागत नाही. दिवे, पंखा बंद. दहा सेकंदांच्या वर सेल्फ धरायचा नाही, आणि दोन प्रयत्नांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट थांबायचंच. मी त्या पहाटे नेमकं हेच केलं नव्हतं.

एअरचं दुखणं वेगळं, आणि ते हीटरचं सोंग घेऊन येतं. रात्रभर गाडी उभी राहिली की पाइपच्या एखाद्या सैल क्लिपमधून किंवा तडकलेल्या रबरी नळीतून हवा आत शिरते आणि डिझेल हळूहळू टाकीकडे परत जातं. सकाळी इंजिनच्या डिझेल-पंपाला डिझेलऐवजी हवा मिळते. ओळखायची सोपी खूण आहे. सेल्फ मारताना मागून पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय, पण पेटत नाही, म्हणजे हीटर किंवा दाब बघा. धूरच येत नसेल तर डिझेलच पोचत नाही. अशा वेळी फिल्टरवरचा हातपंप दाबायचा. तो कडक होईपर्यंत दाबला आणि गाडी लगेच उठली, की एअर घेतेय हे नक्की. मी एका पावसाळ्यानंतर महिनाभर या नळीच्या मागे होतो. शेवटी फिल्टरपाशी हातभर पारदर्शक नळी घातली आणि सकाळी त्यात बुडबुडे मोजत बसलो, तेव्हा कुठे चोर सापडला.

गावात सल्ल्यांना तोटा नाही. पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरच्या तोंडाशी धर, कुठला तरी स्प्रे मार, टेंभा पेटवून लाव. हीटर असलेल्या इंजिनात हे कधीही करू नये. लाल झालेल्या प्लगपाशी पेट्रोलची किंवा ईथरची वाफ पोचली की ती पिस्टन वर यायच्या आधीच भडकते. रिंगा तुटतात, पिस्टनला तडा जातो, आणि एअर फिल्टरजवळचा माणूस भाजतो. टोचन लावून ट्रॅक्टरने खेचणं त्यापेक्षा बरं, पण तेही नाइलाजाने. जी गाडी रोज खेचून सुरू करावी लागते ती काहीतरी सांगत असते.

आमच्या गावातले एक निवृत्त फौजी काका आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर होते, लेहला दोन हिवाळे काढलेले. ते माझं हे सगळं ऐकून म्हणाले, “तुमच्याकडे इंजिन गारठतं. आमच्याकडे डिझेलच गोठायचं.” डिझेलमध्ये मेण असतं. गारठ्यात ते आधी धुक्यासारखं दिसतं, मग त्याचे कण फिल्टरला लेप देतात आणि इंधन अडतं. आपल्या प्रमाणकात म्हणूनच हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं डिझेल वेगळं धरलंय. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये खास हिवाळी डिझेल आणलं, पानिपतच्या रिफायनरीतलं, उणे तेहतीस अंशांपर्यंत वाहणारं. काकांच्या काळात ते नव्हतं. रात्री दर दोन-तीन तासांनी उठून इंजिन चालवायचं, ऑइल चेंबरखाली स्टोव्ह धरायचा, डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचं. “झोप लागली तर गाडी गेली,” ते म्हणाले. हे सांगताना त्यांनी आपले दोन्ही तळवे नकळत एकमेकांवर घासले, जणू ती रात्र अजून हातात होती. आमच्या निफाडच्या थंडीत रॉकेल घालायची गरज नाही, उलट त्याने पंपाला मिळणारं वंगण कमी होतं. काकांनीच मला तसं बजावून सांगितलं.

लोक विचारतात, एवढा खटाटोप का, विकून टाक. गाडी दोनदा रीपासिंगला नेऊन आणली, दर खेपेला पैसे आणि फेऱ्या. धुराचा मुद्दाही मला टाळावासा वाटत नाही. जुनं डिझेल इंजिन नव्याइतकं स्वच्छ असूच शकत नाही. म्हणून नोझल तपासून घेतो, एअर फिल्टर वेळेवर बदलतो, आणि ती कामापुरतीच काढतो, महिन्याला तीन-चारशे किलोमीटर. तरी मी ती ठेवली आहे, कारण तिच्यात जे बिघडतं ते मला दिसतं, हाताला लागतं, कानाला कळतं. आणि ते ज्यांनी शिकवलं ते अजून ओट्यावर बसलेले आहेत.

थंडी पडायच्या आधी, दसऱ्याच्या सुमारास, मी आता एक अख्खी दुपार तिला देतो. प्लग, पट्टी, टर्मिनल, नळ्या, फिल्टरमधलं पाणी. कडक थंडीचा अंदाज आला की रात्री गाडी पूर्वेकडे तोंड करून, थोड्या उतारावर लावतो आणि बॉनेटवर बारदान टाकतो. पहाटे ते आठवणीने काढतो. आप्पांना आता चालवत नाही, पण पहाटे चारला ते जागेच असतात.

परवा सहा अंश होते. मी किल्ली फिरवली. पिवळा दिवा लागला. समोर काळोख, पलीकडच्या बागेत कुणाची तरी पहिली शेकोटी नुकती धरलेली. दिवा विझला. दुसऱ्यांदा लावला, विझू दिला, क्लच दाबला, सेल्फ मारला. दोन फेऱ्यांत गाडी उठली. मी काच खाली करून घराकडे पाहिलं.

“झाली का?” आतून आवाज आला.

“झाली, आप्पा.”

थोडा वेळ ते काहीच बोलले नाहीत. इंजिन ऐकत होते. मग गोधडीतूनच म्हणाले, “एक प्लग उशिरा धरतोय. पंपाकडनं दुसरा. येताना पिंपळगावहून घेऊन ये.”